‘प्राथमिक’ निकालाचे पेढे



गेल्या महिन्यात आमच्या संस्थेच्या बैठकीत वार्षिक अहवालाचा तक्ता भरणं चालू होतं. आलेली प्रकरणं किती, समझोता किती, कोर्टात किती, निकाली किती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, यंदाचे आकडे देते, पण त्याआधी २०१४ सालच्या अहवालातल्या ‘निकाली’ या रकान्यातला एक आकडा मला कमी करायचा आहे. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. छापून, वाटून, विसरून गेलेला अहवाल कोण दुरुस्त करतं? पण तो आकडा खोटा होता आणि तो मीच भरला होता. त्याबद्दल इथे लिहिते आहे, कारण असे आकडे फक्त आमच्याच कपाटात असतील असं मला वाटत नाही.

२०१४ साली एम.एस.डब्ल्यू. करून संस्थेत येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या तालुक्यातल्या एका बाईचा वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात चालू होता. आम्ही सगळ्याजणी तिला आक्का म्हणतो. नवऱ्याने टाकलेली, माहेरच्या गावात एका खोलीत भाड्याने राहणारी, दुसऱ्यांच्या शेतात खुरपणीला जाणारी. वडील २००९ साली वारले. मागे सहा एकर वडिलोपार्जित जमीन आणि गावठाणातलं चार खणांचं घर. वारस नोंद करताना दोन्ही भावांनी फक्त आपली नावं लावली. आपल्याला बहीण आहे, हे अर्जात लिहिलंच नाही. पुढे कोणीतरी शहाणपण शिकवलं म्हणून हक्कसोडपत्र घेऊन आले. आक्काने अंगठा दिला नाही. तेव्हापासून बोलणं बंद, भाऊबीज बंद, हळदीकुंकवाचं बोलावणंही बंद. तिने दावा लावला आणि चार वर्षं मजुरी बुडवून तारखांना येत राहिली.

कोर्टाने तिचा एकतृतीयांश हिस्सा मान्य केला. वकीलसाहेब म्हणाले, “हुकूमनामा झाला, आपल्या बाजूने.” मी एस.टी. स्टँडसमोरच्या दुकानातून पेढे आणले. सहीशिक्क्याची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “आक्का, जिंकलात तुम्ही. आता दोन एकर तुमची.” मग मी संस्थेत आले आणि रकाना भरला.

त्या हुकूमनाम्याच्या डोक्यावर ‘प्राथमिक’ असा शब्द होता. मी तो वाचला होता. प्राथमिक शाळा असते, प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, तसं हे तालुक्याचं खालचं कोर्ट म्हणून ‘प्राथमिक’, असा मी त्याचा अर्थ लावला. दोन वर्षं समाजकार्याचं शिक्षण, त्यात सामाजिक कायद्यांचा स्वतंत्र पेपर, त्या पेपरात गुणही चांगले. पण हुकूमनामा प्राथमिक असतो आणि अंतिम असतो, आणि या दोन शब्दांच्या मध्ये एखाद्या बाईचं सगळं म्हातारपण निघून जाऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

२०२३ साली आक्का परत आली. अतिवृष्टीची नुकसानभरपाई भावांच्या खात्यावर जमा झाली होती. तिने विचारलं, “ताई, तवा तुमीच म्हनला व्हता ना, जमीन माजी झाली म्हून? मग पैकं त्यास्नी कसं?” तिने तीच प्लॅस्टिकची पिशवी काढली. तेव्हा कळलं की ती २०१५ साली एकटीच तलाठ्याकडे जाऊन आली होती. कोर्टाने हिस्सा ठरवला आहे, पण कुठला तुकडा तुमचा हे यात नाही, यावर गट फोडता येत नाही, वाटप होऊन येऊ द्या, असं सांगून त्याने तिला परत पाठवलं. निदान तिचं नाव लावायला हवं होतं की नाही, हा मुद्दा वेगळा. आठ वर्षं ती आमच्याकडे आली नाही. का, असं विचारल्यावर म्हणाली, “तुमी पेढं वाटलं व्हतं. मला वाटलं, मलाच समजंना.”

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. कोर्टाच्या भाषेने तिला फसवलं असं म्हणून मला सुटता येणार नाही. ती भाषा तिच्यापर्यंत नेणारी मी होते.

आता ही भाषा एकदा नीट समजून घेऊ. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २ मध्ये ‘हुकूमनामा’ या शब्दाची व्याख्या आहे. दावा पूर्णपणे निकालात निघण्याआधी अजून काही कारवाई व्हायची असेल तर तो हुकूमनामा प्राथमिक. ज्याने दावा पूर्णपणे निकालात निघतो तो अंतिम. वाटपाच्या दाव्यात कोर्ट आधी कोणाचा किती हिस्सा ते ठरवतं. मग प्रत्यक्ष तुकडे पाडायचे. घर असेल तर कोर्ट कमिशनर नेमायचा, त्याने पाहणी करून अहवाल द्यायचा, त्यावर हरकती ऐकायच्या आणि मग अंतिम हुकूमनामा करायचा. शेतसारा लागू असलेली जमीन असेल तर कलम ५४ प्रमाणे वाटपाचं काम कलेक्टरचं. कोर्टातून कागद कलेक्टरकडे, तिथून तहसीलदाराकडे, तिथून भूमी अभिलेखकडे मोजणीला, मग बांध, मग कब्जा, मग फेरफार, मग सातबारा. आक्काच्या प्रकरणात जमीनही होती आणि घरही. म्हणजे दोन्ही रस्ते चालायचे होते, आणि आम्ही पहिल्या पायरीवर बसून पेढे खाल्ले.

बरं, ‘अंतिम’ या शब्दाचेही तीन अर्थ आहेत. कायद्याच्या पुस्तकात अंतिम म्हणजे त्या कोर्टापुरता दावा संपला. त्यावर अपील होऊ शकतं, आणि अपील संपलं की लोक पुन्हा अंतिमच म्हणतात. बाई मात्र तिसराच अर्थ ऐकते. तिच्या लेखी अंतिम म्हणजे शेतात पाय ठेवता आला, घराच्या खोलीला आपलं कुलूप लागलं. पहिल्या अर्थाने काम संपलं की वकील पुढच्या केसकडे वळतो, कोर्टाच्या नोंदीत प्रकरण निकाली निघतं आणि संस्थेच्या अहवालात यश चढतं. तिसऱ्या अर्थाचा हिशोब कोणीच ठेवत नाही. आपल्या मराठीत ‘निकाल लागला’ म्हणजे फैसला झाला, आणि ‘माझा निकाल लागला’ म्हणजे माझी वाट लागली. आक्काच्या बाबतीत दोन्ही एकाच दिवशी झालं.

हा घोळ जमिनीपुरता नाही. पोटगीच्या केसमध्ये ‘अंतरिम’ आणि ‘अंतिम’ या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. अंतरिम पोटगीचा हुकूम मिळाला की अनेकींना वाटतं, झालं काम, आणि त्या पुढच्या तारखांना येत नाहीत. ज्यांना अंतिम हुकूम मिळतो त्यांचंही संपत नाही. परिस्थिती बदलली असं दाखवून ती रक्कम कमी-जास्त करून मागता येते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२७ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. आणि थकलेली पोटगी वसुली वॉरंटाने मिळवायची तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे पोटगीचा ‘अंतिम’ हुकूम हाती आल्यावरही बाईने आयुष्यभर कॅलेंडरकडे बघत राहायचं.

यावर काही वकील मित्र म्हणतील, तुम्ही प्रक्रियेवर उगाच चिडता. हिस्सा ठरवणं आणि जमीन कापणं ही दोन वेगळी कामं आहेत. मोजणी न करता न्यायाधीश खुर्चीत बसून बांध कसा घालणार? हे म्हणणं मला मान्य आहे. दोन टप्पे असायला माझी हरकत नाही. इतकंच काय, हा मधला काळ काही बायकांच्या उपयोगीही पडला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवलं. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली आणि ती अट गेली. ज्यांच्या दाव्यात आधीच प्राथमिक हुकूमनामा होऊन कमी हिस्सा ठरला होता त्यांचं काय? २०११ साली आणि पुन्हा २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंतिम हुकूमनामा व्हायचा असेल तोवर नव्या कायद्याप्रमाणे मुलीला मुलाइतका हिस्सा देता येतो. वडील २००५ साली हयात असले पाहिजेत ही अटही २०२० च्या निकालाने निकालात काढली. तेव्हा ज्यांच्या जुन्या केसमध्ये हिस्सा कमी पडला आहे आणि अंतिम हुकूमनामा झालेला नाही, त्यांनी हे जरूर तपासावं.

माझी हरकत आहे ती दोन टप्प्यांच्या मध्ये जे थांबणं येतं त्याला. हुकूमनामा झाला, पुढची तारीख नाही, फाइल रेकॉर्डला गेली. आता पुढचं चाक फिरवायचं कोणी? जिला हिस्सा मिळाला तिने. आणि न फिरल्यास फायदा कोणाचा? ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याचा. तो पीक काढतो, कर्ज काढतो, भरपाई घेतो, प्रसंगी तुकडा विकतो. त्याला अपिलाचीही गरज नाही. नुसतं गप्प बसलं तरी त्याचं भागतं. आपल्या समाजात जमीन भावाच्या ताब्यात असते आणि हुकूमनामा बहिणीच्या हातात असतो. म्हणून ही प्रक्रिया कागदावर कितीही निःपक्षपाती दिसली, तरी थांबलेली असताना ती भावाच्या बाजूने उभी असते.

त्यातला आणखी एक अन्याय बघा. प्राथमिक हुकूमनाम्यात बाईचा हिस्सा चुकून कमी धरला गेला आणि तिने वेळेत अपील केलं नाही, तर कलम ९७ प्रमाणे अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात तिला ती चूक काढता येत नाही. कायदा बदलला तरच वर सांगितलेली वाट. म्हणजे ती हरते तेव्हा प्राथमिक हुकूमनामा तिच्यापुरता अंतिम ठरतो आणि ती जिंकते तेव्हा तो नुसता प्राथमिक राहतो.

हे मी आज शोधून काढलेलं नाही. या देशात दावेदाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली म्हणून ठेवलं आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पक्षकाराला कागदी हुकूमनामा नको असतो, त्याला प्रत्यक्ष दाद हवी असते. अंतिम हुकूमनाम्यासाठीच्या अर्जाला मुदतीचं बंधन नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झालं. मग २०२२ साली त्याच न्यायालयाने खालच्या कोर्टांना सांगितलं की प्राथमिक हुकूमनामा केल्यावर दावा बेमुदत तहकूब करू नका, स्वतः होऊन पुढची तारीख द्या, अंतिम हुकूमनाम्यासाठी वेगळी कारवाई सुरू करायला लावू नका. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असं २०२१ सालीच सांगून झालं होतं. निकाल चांगले आहेत. पण ते आपोआप तालुक्याला पोचत नाहीत. कोणीतरी ते कागदावर लिहून न्यायाधीशांपुढे ठेवावे लागतात.

आक्काच्या बाबतीत ते ठेवायला आम्ही नऊ वर्षं उशीर केला. तेवढ्यात थोरला भाऊ वारला. आता त्याची बायको आणि मुलं वारस म्हणून दाखल करा. धाकट्याने वीस गुंठे विकले. आता घेणारा माणूसही पक्षकार. ती भावजयसुद्धा बाईच आहे, आणि आता दोन बायकांना एकमेकींसमोर उभं करून बाकीचे बाजूला झाले आहेत. वेळेत वाटप झालं असतं तर तीही आपल्या वाट्याची मालकीण म्हणून आक्काशी बोलली असती. उशिराचा हा खर्च कुठल्याच कोर्ट फीच्या तक्त्यात नसतो.

आपल्यातच काही मैत्रिणी म्हणतात की कोर्टकचेरीच नको, गावात बसून तडजोड करावी. तडजोड मी रोज करते. पण ज्या बाईच्या हातात अंतिम हुकूमनामा नाही, तिच्या तडजोडीत भाऊ काय देतो? “तू आमचीच आहेस, दोन पोती ज्वारी घेऊन जात जा.” कायद्याचा रस्ता शेवटपर्यंत चालून जाण्याची ताकद आपल्यात असेल, तरच तडजोडीलाही वजन येतं.

तेव्हा मी चार गोष्टी मांडते. सगळ्या संघटनांनी यावर आपापल्या बैठकीत बोलावं, ही विनंती.

पहिली. ‘निकाली’ हा रकाना आपण आजपासून बंद करू. त्याऐवजी विचारू: सातबाऱ्यावर नाव लागलं का? कब्जा मिळाला का? पोटगीची रक्कम या महिन्यात हातात आली का? जिथे उत्तर ‘नाही’ आहे ते प्रकरण चालू आहे. देणगीदारांना हा तक्ता कमी यशाचा वाटेल. वाटू दे.

दुसरी. वकीलपत्र देतानाच वकिलांशी स्पष्ट बोलू की काम कब्जापर्यंतचं आहे, आणि फी त्याप्रमाणे ठरवू. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तो दावा लावण्यासाठी मागतात तसाच पुढच्या टप्प्यासाठीही मागायचा. आणि ज्या दिवशी प्राथमिक हुकूमनामा होईल त्याच दिवशी २०२२ च्या निकालाचा आधार देऊन पुढची तारीख मागणारा अर्ज टेबलावर हवा.

तिसरी. अंतिम हुकूमनामा झाला की घड्याळ सुरू होतं. त्याच्या अंमलबजावणीला बारा वर्षांची मुदत आहे. आणि ही मुदत स्टँपपेपरवर हुकूमनामा लिहून मिळाल्यापासून नव्हे, हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरवलं आहे. स्टँपसाठी पैसे जमले नाहीत म्हणून कागद काढायचा राहिला, ही सबब मुदतीपुढे टिकत नाही. ती तारीख बाईच्या घरात भिंतीवर लिहिलेली असली पाहिजे.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात निकडीची. प्रत्येक संस्थेने आपलं जुनं कपाट उघडावं. वाटपाच्या जितक्या फाइली ‘यशस्वी’ म्हणून बांधून ठेवल्या आहेत त्या काढाव्यात आणि प्रत्येक हुकूमनाम्याची वरची ओळ वाचावी. तिथे ‘प्राथमिक’ लिहिलं असेल तर त्या बाईच्या गावी जावं. ती आपल्याकडे येईल याची वाट बघू नये. तिला वाटत असेल की तिलाच समजलं नाही.

आम्ही आमचं कपाट उघडलं. आक्काची धरून चार फाइली निघाल्या. दोघींच्या गावी जाऊन आलो. तिसरी बाई आता हयात नाही, तिच्या मुलीचा पत्ता काढतो आहोत. आक्काच्या जमिनीचे कागद भूमी अभिलेखकडे आहेत, मोजणीची नोटीस निघाली आहे. परवा तिचा फोन आला, “ताई, मोजनीवाले आलं की पेढं आनायचं का?” मी म्हटलं, “नको आक्का. आधी बांध पडू दे.”